चोरी केली काकांनी, सॅक उपडी केली तिची

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय. ताईंनी नाव छापू नका म्हटलंय, पत्र जरा मोठं होतं म्हणून थोडक्यात देते.

"मी गंगापूर रोडला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या रविवारी संध्याकाळी घराजवळच्या सुपरमार्केटमधे महिन्याचं सामान भरत होते. आमच्याच बिल्डिंगमधले, वरच्या मजल्यावरचे एक काका तिथे होते. वय अडुसष्ट-सत्तर, सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले, सोसायटीच्या मीटिंगमधे हिशोबातली रुपया-रुपयाची चूक काढणारे. त्यांनी बदामाची दोन पाकिटं उचलली आणि स्वेटरच्या आत सरकवली, मी चार फुटांवर उभी होते. बिलिंगला त्यांनी ब्रेड आणि दुधाचे पैसे दिले आणि निघाले, दारातल्या सिक्युरिटीवाल्याने त्यांना नमस्कार केला. त्यांच्या मागोमाग एक मुलगी होती, अठरा-एकोणीसची, आमच्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात काम करते. तिला अडवलं. सॅक टेबलावर उपडी केली, डबा, नॅपकिन, पॅडचं पाकीट, सगळं सगळ्यांसमोर. काही सापडलं नाही. 'जा' म्हणाले, सॉरीसुद्धा नाही. ती रडत गेली. माल कुणाकडे आहे हे मला माहीत होतं आणि मी रांगेत गप्प उभी राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर या वयात पोलिसांनी काकांचं काय केलं असतं? आणि आता काय करू, काकूंना सांगू का? नवरा म्हणतो विसर, दुकानवाल्याचं काय जातंय."

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण त्याला मुदत आहे. दुकानातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही, मशीनमधली जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवीन बसतं, कुठे पंधरा दिवसांनी, कुठे महिन्याने, लहान दुकानात तर आठवड्यातसुद्धा. त्यामुळे जे काही करायचं ते या आठवड्यात करा. रविवारी जाऊ नका, गर्दी असते आणि कुणाचं लक्ष नसतं. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा माल लावून झालेला असतो आणि मॅनेजर जागेवर भेटतो. त्याला काय सांगायचं ते पुढे लिहिते, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं बोलू कारण खरी टोचणी तिथे आहे.

कायद्याने तुम्ही सांगायला बांधील नव्हतात. आपल्याकडे काही गुन्हे असे आहेत की ते कळले तर सामान्य माणसानेही पोलिसांना कळवलंच पाहिजे, खून, दरोडा, खंडणीसाठी पळवून नेणं वगैरे, त्या यादीत साधी चोरी नाही. त्यामुळे कुणी दुकानात काही उचलताना दिसलं आणि तुम्ही मान वळवलीत तर कायदा तुम्हाला काही म्हणणार नाही. मीही फार म्हणणार नाही. माणूस बावरतो, आपण चुकीचं बघितलं असेल असं वाटतं, आणि ओळखीचा वडीलधारा माणूस समोर असेल तर तोंडातून शब्द फुटत नाही, हे मला समजतं.

पण ज्या क्षणी त्या मुलीची सॅक टेबलावर उपडी झाली त्या क्षणी सगळं बदललं. तोपर्यंत तुमच्या गप्प बसण्याची किंमत दुकान भरत होतं, आता ती किंमत ती मुलगी भरायला लागली. मी सांगू की नको असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते की तुम्ही गप्प बसलात तर भरतंय कोण. तिथे तुम्ही बोलायला हवं होतं, ताई. काकांचं नाव घ्यायची पण गरज नव्हती, "अहो हिच्याकडे काही नाहीये, मी मघापासून हिच्या मागेच आहे, आवरा ते सामान" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण हसत हसत वापरतो पण त्या संन्याशाच्या जागी उभं राहिलेलं माणूस तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तुम्हाला झोप लागत नाहीये आणि ती लागत नाहीये हे बरंच आहे.

आता नवऱ्याच्या बोलण्याविषयी, दुकानवाल्याचं काय जातंय. मी कराडच्या किराणा दुकानात वाढले आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं पुण्यात कपड्यांच्या एका मोठ्या शोरूममधे काम केलं, त्यामुळे हे मला आतून माहीत आहे. स्टॉक मोजला की कागदावरचा माल आणि रॅकवरचा माल यात फरक निघतोच, त्याला शॉर्टेज म्हणतात, मोठ्या ठिकाणी श्रिंकेज. हा फरक फक्त गिऱ्हाईकाच्या चोरीने पडत नाही, गाडीतून माल उतरवताना बॉक्स कमी येतो, बिलिंगला दोनाऐवजी एक स्कॅन होतं, माल एक्सपायर होतो, उंदीर पोतं फोडतो, आणि हो, कामावरची माणसंही उचलतात. पण नेमकं कशाने कमी पडलं ते सिद्ध करता येत नाही आणि मग जो सगळ्यात खाली आहे त्याच्यावर येतं. आमच्या शोरूममधे महिन्याच्या शेवटी शॉर्टेज त्या सेक्शनच्या मुलींमधे वाटून पगारातून कापायचे. एका महिन्यात माझे साडेसहा हजारातले सहाशे चाळीस गेले, ट्रायल रूममधून दोन कुर्ते गेले होते, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत होते. पगाराच्या कायद्यात असं सरसकट कापायला परवानगी नाही. माल तुमच्या ताब्यात दिलेला होता, तुमच्याच हलगर्जीने गेला आणि तुम्हाला तुमची बाजू मांडायची संधी दिली, तरच कापता येतं. हे मला खूप नंतर कळलं, तेव्हा आम्ही सगळ्या मुकाट सही करायचो. तर तुमच्या नवऱ्याला सांगा की बदामाचे ते पाचशे-सहाशे रुपये मालकाच्या खिशातूनच जातील असं नाही, ड्रायफ्रूटच्या रॅकपाशी उभ्या असलेल्या मुलाच्या पगारातून पण जाऊ शकतात.

आणि तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट, त्या मुलीला अडवलं कसं. माझा अंदाज असाय की रॅक लावणाऱ्या पोराच्या लक्षात आलं. ही मुलं दिवसभर पाकिटं ओढून पुढे आणत असतात, त्याला फेसिंग म्हणतात, त्यामुळे मघाशी भरलेल्या रांगेत खड्डा पडला तर त्यांना लगेच दिसतो. त्याने दारावर सांगितलं असणार की बदाम कमी आहे बघ. आता दारावरच्या माणसाने कुणाला थांबवायचं? माहिती त्याला काहीच नाही, मग तो चेहरे बघतो, कपडे बघतो, चप्पल बघतो. काकांना नमस्कार आणि तिची सॅक टेबलावर, हे दोन मिनिटांच्या आत झालं आणि कुणी त्याला तसं शिकवलेलं पण नसेल, ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यातच बसलंय. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या, सोलापुरात तर तारेचं कुंपण घालून त्यांना डांबलं होतं, त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. तो कायदा १९५२ साली गेला, पण आजही पारधी समाजाची बाई दुकानात शिरली की काउंटरवरची नजर तिच्या मागे मागे फिरते हे मी आमच्या स्वतःच्या दुकानात पाहिलंय. ती मुलगी कुठल्या घरातली आहे ते मला माहीत नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही.

सिक्युरिटीवाल्याला झडती घ्यायचा हक्क नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. तो खासगी एजन्सीचा माणूस असतो, पोलीस नसतो. तो बिल मागू शकतो, "पिशवी दाखवता का" असं विनंतीने विचारू शकतो, तुम्ही नाही म्हणू शकता, आणि मग त्याला फारच संशय असेल तर पोलिसांना बोलवायचं. पोलिसांनासुद्धा अटक केलेल्या बाईची अंगझडती बाईकडूनच आणि तिची अब्रू राखूनच घ्यावी लागते. मग दुकानातल्या माणसाने भर रांगेत पोरीचे पॅड टेबलावर ओतायचे हे कुठल्या हिशोबात बसतं? कुणाला ऑफिसात कोंडून ठेवलं तर तो वेगळा गुन्हा होतो, त्याला वर्षापर्यंत शिक्षा आहे. दारावरचं मशीन वाजलं म्हणजे चोरी झाली असंही नाही, बिलिंगवाल्याने टॅग काढायचा राहिला किंवा नीट बंद झाला नाही तरी ते वाजतं, शोरूममधे दिवसातून पाच-सहा वेळा तरी हे व्हायचं आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईकाचा चेहरा पडायचा.

बरं, तुम्ही सांगितलं असतं तर काकांचं काय झालं असतं? बहुतेक दुकानं पहिल्या फटक्यात पोलिसांना बोलवत नाहीत. तक्रार दिली की साक्षीला जावं लागतं, माणूस अडकतो, माल मुद्देमाल म्हणून जमा होतो, सहाशे रुपयांसाठी कुणाला नको असतं ते. अनुभवी मॅनेजर रॅकपाशी पकडत पण नाही कारण तिथे माणूस म्हणतो मी पैसे देणारच होतो. बिलिंग ओलांडून पुढे गेला की मग बाजूला घेतात, कॅमेरा बघतात, पैसे भरून घेतात, कधी माफीनामा लिहून घेतात, परत येऊ नका म्हणतात. काही ठिकाणी दहापट दंड मागतात, फोटो काढून भिंतीवर लावतात, कान धरून उभं करतात, ही सगळी बेकायदा दादागिरी आहे आणि पोलिसांकडे जाण्याची धमकी देऊन जास्तीचे पैसे उकळणं ही तर सरळ खंडणी आहे.

पोलिसात गेलंच असतं तर काय, तेही सांगते. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, चोरीचं जुनं ३७९ आता ३०३(२) झालंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, पण त्यात एक नवीन गोष्ट घातलीय. मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याचे पैसे परत केले, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करायची, तुरुंग नाही. या कलमातली अशी लहान चोरी अदखलपात्र धरलीय, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास किंवा वॉरंटशिवाय अटक करत नाहीत. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर मात्र कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी. म्हणजे तुम्ही ज्या बेड्यांना घाबरलात त्या बहुधा पडल्याच नसत्या. आणि त्या मुलीला जे दोन मिनिटांत भोगायला लागलं ते काकांना कोर्टातही भोगायला लागलं नसतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आमचे अण्णा दुकानात एक वाक्य वापरायचे. कुणी पिशवीत काही टाकलेलं दिसलं की बिल करताना अगदी साध्या आवाजात म्हणायचे, "मावशी, पिशवीतलं पण धरू का हिशोबात?" बस, एवढंच. दहातल्या आठ जणी म्हणायच्या अगंबाई हो, राहिलंच की, आणि काढून ठेवायच्या. माल परत यायचा, गिऱ्हाईक परत यायचं, आणि कुणाची मान खाली जायची नाही. मी शोरूममधे पण हेच करायचे, ज्याच्यावर शंका आहे त्याच्या जवळ जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं काही मदत करू का, बास्केट आणून देऊ का. आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे हे कळलं की बहुतेक माणसं वस्तू ठेवून देतात. तुम्हीही पुढच्या वेळी, म्हणजे येऊ नये पण आलीच तर, हे करू शकता, "काका, बास्केट देऊ का तुम्हाला?" असं मोठ्याने विचारायचं. ओळख नसेल तर जवळच्या स्टाफला हळूच सांगायचं, आणि सांगताना "तो चोर आहे" म्हणायचं नाही, "मी असं असं बघितलं" एवढंच म्हणायचं, कारण बघितलं ते तुमचं, ठरवायचं काम दुसऱ्यांचं. धावत मागे जायचं नाही, हात धरायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही. हातात हत्यार दिसलं तर बाजूला होऊन ११२ लावायचा. लेकरासाठी दुधाची पावडर उचलणारी बाई दिसली तर मी तरी विचारीन की ताई हे माझ्या बिलात टाकू का, आणि ती चिडली तर चिडू दे.

मॅनेजरला काय सांगायचं. रविवारी इतक्या वाजता, ड्रायफ्रूटच्या रॅकपाशी, मी एका गृहस्थांना पाकिटं आत ठेवताना बघितलं, कॅमेरा तपासा. नाव आणि फ्लॅट नंबर सांगायची गरज नाही असं माझं मत आहे, फुटेजमधे दिसेल ते दिसेल. पण याहून महत्त्वाचं दुसरं सांगायचं, की तुम्ही ज्या मुलीला अडवलंत तिने काही घेतलं नव्हतं, मी साक्षीदार आहे, तुम्ही तिची माफी मागा आणि दारावर अशी झडती बंद करा. लेखी द्या, दोन ओळी चालतील, पोच घ्या. त्या दोन ओळींमुळे ड्रायफ्रूटवाल्या पोराचा पगार पण वाचू शकतो.

काकूंना आधी सांगू नका. त्या बिचाऱ्या काय करणार, घरात भांडण होणार आणि सगळं तुमच्यावर उलटणार. काकांशीच बोला, एकटे असताना, जिन्यात किंवा गच्चीवर. आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर एक अक्षर टाकू नका. गंमत म्हणून सांगत नाहीये, बदनामीच्या गुन्ह्यालाही नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा होऊ शकते, आणि खरं असलं तरी ते सार्वजनिक हितासाठी होतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. चोरी करणारा अठराच्या आतला असेल तर त्याचा फोटो किंवा नाव पसरवणं हा बालन्याय कायद्याने वेगळाच गुन्हा आहे, हे आईबापांच्या ग्रुपवर फुटेज टाकणाऱ्यांनीही वाचावं.

काकांशी बोलताना बदामाचा विषय छोटा ठेवा आणि मुलीचा मोठा. "काका, रविवारी मी तुमच्या मागेच होते. मी बघितलं. तुम्ही गेल्यावर त्या पोळीभाजीवाल्या मुलीची सॅक सगळ्यांसमोर उपडी केली त्यांनी. मला वाटलं तुम्हाला हे माहीत असायला पाहिजे." एवढं बोलून थांबा. ते काय म्हणतात त्याच्याकडे नीट लक्ष द्या. खजील झाले, डोळ्यात पाणी आलं, तर त्यांना म्हणा चला, मी येते बरोबर, पैसे भरून येऊ. खासगी कंपनीतून रिटायर झालेल्या कितीतरी लोकांची पीएफवाली पेन्शन अगदी तुटपुंजी असते, तिची किमान रक्कम २०१४ साली महिना हजार रुपये ठरली होती, आणि फ्लॅट स्वतःचा असला म्हणून घरात पैसा असतोच असं नाही. तसं काही असेल तर तेही बोलण्यातून बाहेर येईल. त्यामुळे चोरी माफ होत नाही, पण पुढे काय करायचं ते कळतं.

चिडले, उडवून लावलं, तर वाद घालू नका, तुम्ही तुमचं काम केलंत.

पण त्यांना खरंच आठवत नसेल, किंवा आठवत असून त्यात काही चुकलंय असंच वाटत नसेल, तर सावध व्हा. आयुष्यभर रुपयाचा हिशोब ठेवणारा माणूस उतारवयात अचानक असं वागायला लागला तर ते आजाराचं लक्षण असू शकतं. डिमेन्शियाचा एक प्रकार असतो ज्यात मेंदूचा पुढचा भाग आधी झिजतो, त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते पण लाज, भीड, दुसऱ्याच्या मनाचा विचार हे सुटत जातं, माणूस तोंडाला येईल ते बोलतो, गोड खायला मागतो, दुकानातली वस्तू सहज खिशात टाकतो. असं इतर काही बदललंय का ते बघा आणि मग त्यांच्या मुलाला किंवा मुलीला फोन करा, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा म्हणावं. तक्रारीच्या सुरात नको, काळजीने करा.

हे सगळं करायच्या आधी मात्र पोळीभाजी केंद्रात जा. दुपारी तीन-साडेतीनला, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, मालकीण ऐकेल असं काउंटरवर नको, तिला जरा बाहेर बोलवा. तिला सांगा की मी त्या रांगेत होते, तू काही घेतलं नव्हतंस हे मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, चुकलं माझं. तिला विचारा की मी मॅनेजरकडे जातेय, तू येतेस का. आली तर तिला पुढे बोलू द्या, नाही म्हणाली तर आग्रह करू नका, तिला त्या दारात परत पाय ठेवायचा नसेल तर ते तिने ठरवायचं. मग तुम्ही एकट्या जा आणि मॅनेजर काय म्हणाला ते परत येऊन तिला सांगा.